न दिसणारा उजेड पडद्यावर आणायचा तर: रिमोटपासून थर्मल कॅमेऱ्यापर्यंत

सोसायटीत थर्मल कॅमेऱ्याचा, म्हणजे उष्णतेचं चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याने भिंतीपलीकडचं दिसतं का हो?" नाही दिसत. साध्या खिडकीच्या काचेपलीकडचंही दिसत नाही. मग दुसरा प्रश्न येतो, "गेटवरच्या कॅमेऱ्याला मग रात्री कसं दिसतं? तोही इन्फ्रारेडच ना?" हा प्रश्न खरा महत्त्वाचा. त्याचं उत्तर नीट कळलं नाही तर माणूस चुकीच्या वस्तूवर पैसे घालवतो. मी घालवले आहेत, ते पुढे सांगते.

मी रबाळ्याला एका कारखान्यात विद्युत देखभालीचं काम करते आणि ठाण्यात राहते. रविवारी इमारतीतली नववी-दहावीची मुलं जमतात, त्यांच्यासोबत केलेले हे उद्योग आहेत. आधी फुकटातले, मग खटपटीचे, शेवटी खरोखर उपयोगाचे.

आधी विचारा, उजेड कुणाचा?

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरी दिसतात. तांबड्याच्या पलीकडे काही आहे हे विल्यम हर्शेलने १८०० साली लोलक आणि थर्मामीटर घेऊन दाखवलं. रंगपट्टा संपतो तिथे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा जास्त चढला. इन्फ्रारेड तो हाच, शाळेच्या पुस्तकात याला अवरक्त किरण म्हणतात. अडचण अशी की या एका नावाखाली दोन अगदी वेगळे संसार नांदतात.

तांबड्याला लागून असलेला, सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा पट्टा म्हणजे उसना उजेड. तो सूर्याकडून, पिवळ्या बल्बकडून किंवा एलईडीकडून येतो, वस्तूवर आपटून परततो आणि कॅमेऱ्यात शिरतो. साध्या प्रकाशासारखंच, फक्त डोळ्याला न दिसणारं. ८ ते १४ मायक्रॉनचा, म्हणजे ८००० ते १४००० नॅनोमीटरचा पट्टा मात्र वस्तूचा स्वतःचा उजेड आहे. भिंत, चहाचा कप, मांजर, तुम्ही, मी, सगळेच तो सतत बाहेर टाकत असतो. आपल्या अंगाचा सर्वांत जास्त उजेड ९.३ मायक्रॉनच्या आसपास पडतो.

दोन्हींना एकच यंत्र का चालत नाही? फोनच्या कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटायला फोटॉनकडे निदान १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. रिमोटच्या ९४० नॅनोमीटरच्या फोटॉनकडे १.३ असते, म्हणजे काम होतं. १० मायक्रॉनच्या फोटॉनकडे जेमतेम ०.१२. दहा रुपयांच्या तिकिटाला एक रुपया घेऊन उभं राहिल्यासारखं. असे हजार जण रांगेत आले तरी खिडकीवरून एकही तिकीट मिळत नाही. त्यामुळे तिथे फोटॉन मोजायचा नाद सोडून त्यांनी किती ऊब आणली तेवढं मोजतात.

रिमोट आणि फोन

खोलीत अंधार करा. फोनचा पुढचा, सेल्फीचा कॅमेरा सुरू करा आणि टीव्हीच्या रिमोटचं टोक त्याच्याकडे धरून बटण दाबा. जांभळट पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्याने हाच प्रयोग केला तर बऱ्याच फोनमध्ये काहीच दिसत नाही, कारण तिथे इन्फ्रारेड अडवणारी काच जास्त कडक असते. नवे आवाजावर चालणारे रिमोट बरीचशी कामं ब्लूटूथवर करतात, तेव्हा टीव्ही चालू-बंद करायचंच बटण दाबून पाहा.

ठिपका जांभळटच का? सेन्सरच्या प्रत्येक कणावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. या गाळण्या इन्फ्रारेडला जवळपास सारख्याच झिरपू देतात, त्यामुळे कॅमेऱ्याचा गोंधळ होतो. तो रंग 'खरा' नाही. पडद्यावर येणारा कुठलाच इन्फ्रारेड रंग खरा नसतो, हे इथूनच डोक्यात ठेवा.

हा प्रयोग घरी खरोखर कामाला येतो. मे महिन्यात एसी सुरू होत नाही तेव्हा मेकॅनिकला बोलावण्याआधी रिमोट लुकलुकतो का ते बघायचं. आमच्या मजल्यावर दोन फेऱ्यांचे पैसे असे वाचले.

जुन्या वेबकॅमची शस्त्रक्रिया

कपाटात पडलेला, भिंग हाताने फिरवून फोकस करता येणारा वेबकॅम घ्या. खोका उघडा. भिंगाची नळी उलटी फिरवून सोडवताना आटे मोजा, परत बसवताना तो आकडा लागतो. नळीच्या मागच्या बाजूला चौकोनी काचेचा इवलासा तुकडा चिकटवलेला असेल. तिरका धरला की तो गुलाबी किंवा हिरवट झळाळतो. हीच ती अडवणारी काच. पातळ पात्याने कडेने उचकटा. फुटली तरी बिघडत नाही, फक्त डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि कपच्या भिंगावर पडू देऊ नका. काच निघाल्यावर फोकस थोडा सरकतो, तो नव्याने जुळवा.

आता कॅमेऱ्याला दिसणारा उजेड आणि इन्फ्रारेड दोन्ही मिळतात, त्यामुळे चित्र फिकट, गुलाबीसर दिसतं. निव्वळ इन्फ्रारेड हवं असेल तर दिसणारा उजेड अडवायला हवा. त्यासाठी सर्वांत स्वस्त गाळणी घरच्या लग्नाच्या निगेटिव्हमध्ये आहे. रंगीत रोल धुतल्यावर टोकाला पूर्ण काळा झालेला पट्टा असतो, त्याचे दोन थर भिंगापुढे लावा. त्यातला रंग दिसणारा उजेड गिळतो आणि इन्फ्रारेड सोडतो. कृष्णधवल फिल्म मात्र चालत नाही, तिच्यातली चांदी दोन्ही अडवते. आम्ही एक अख्खी दुपार आजोबांच्या कृष्णधवल निगेटिव्हवर घालवली आणि कॅमेराच बिघडला असं समजून बसलो.

मुलांना घेऊन उपवन तलावावर गेलो ते भर दुपारी. लॅपटॉपच्या पडद्यावर सगळी झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी. हरितद्रव्य लाल-निळा उजेड खातं, इन्फ्रारेडला हात लावत नाही, आणि पानाच्या आतल्या पेशी व हवेच्या पोकळ्या तो परत उधळून देतात. पाणी काळंशार. बाटलीतला कोला पाण्यासारखा नितळ. एका मुलाची काळी पँट राखाडी निघाली, कारण कापडाचा काळा रंग फक्त आपल्या डोळ्यांपुरता काळा होता.

घरी परतून ट्यूबखाली कॅमेरा लावला तर चित्र जवळजवळ अंधारं. बिघाड समजू नका. पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड नसल्यातच जमा असतं. जुना पिवळा बल्ब लावा, खोली उजळून निघेल. तो बल्ब विजेचा बहुतेक भाग याच अदृश्य उजेडात उधळायचा, म्हणून तर तो गेला.

गेटवरचा सीसीटीव्ही याच जातीचा. अंधार पडला की आतून 'कट्' असा बारीक आवाज येतो, ती अडवणारी काच सेन्सरसमोरून बाजूला सरकल्याची खूण. मग एलईडी लागतात. ८५० नॅनोमीटरचे एलईडी असतील तर मंद लाल ठिपके दिसतात, ९४० चे असतील तर काहीच दिसत नाही. मात्र ९४० ला सिलिकॉनची नजर कमजोर असते, त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये पल्ला कमी पडतो. चोराला कॅमेरा दिसलेला चालत असेल, किंबहुना दिसावाच असं वाटत असेल, तर ८५० घ्या. येऊरसारख्या जंगलात बिबट्याच्या वाटेवर लावायच्या कॅमेरा ट्रॅपसाठी न दिसणाऱ्या एलईडीचं मोल वेगळं. रात्रीचं चित्र पांढरट धुरकट येत असेल तर आधी एलईडीसमोरचं कोळ्याचं जाळं झाडा. पावसाळ्यात थेंबही तसेच चमकतात, तेव्हा वेगळा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन फूट लांब बसवणं हा त्यावरचा उपाय.

स्वतःच चमकणारी पावडर

आतापर्यंत चित्र सेन्सर आणि पडद्यातून येत होतं. काही पदार्थ मात्र इन्फ्रारेड पडला की स्वतःच दिसणाऱ्या रंगात चमकतात. लेझरवर काम करणाऱ्यांच्या खिशात असणारं कार्ड अशाच पावडरीचं असतं. न दिसणारा झोत कुठे पडतोय ते त्यावर ठिपक्याने कळतं.

इथे हिशेब अवघड आहे. ९८० नॅनोमीटरच्या फोटॉनकडे १.२७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हिरव्या ५४० च्या फोटॉनला २.३ लागतात. एकाच्या जोरावर हे जमत नाही. दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग उधारीचा: काही सल्फाइड पावडरी ट्यूबच्या उजेडात ऊर्जा साठवून ठेवतात आणि इन्फ्रारेडचा टेकू लागला की ती सोडतात. असं कार्ड वापरण्याआधी उजेडात धरावं लागतं, आणि एकाच जागी झोत ठेवला तर ठिपका विझत जातो. मग कार्ड थोडं सरकवायचं. कार्ड बाद झालं म्हणून फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरा मार्ग भिशीसारखा. सोडियम यट्रियम फ्लोराइडच्या स्फटिकात यटर्बियम आणि अर्बियम मिसळतात. यटर्बियम ९८० चे फोटॉन गोळा करून एकामागून एक अर्बियमच्या हाती देतो. दोन हप्ते जमले की अर्बियम एक हिरवा किंवा लाल फोटॉन देतो. अर्बियमच्या जागी थुलियम घातलं तर निळा मिळतो, त्याला जास्त हप्ते लागतात. फ्रान्सच्या फ्रांस्वा ओझेल यांनी १९६६ मध्ये ही देवाणघेवाण उलगडली. हप्ते वेळेत पडायला झोत दाट हवा. उजेड अर्धा केला तर चमक अर्ध्याहून बरीच कमी होते, म्हणून या पावडरीने रस्त्यावरचं दृश्य दिसत नाही, लेझरचा ठिपका दिसतो. २०१९ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी असेच अतिसूक्ष्म कण उंदरांच्या डोळ्यांत सोडले आणि उंदरांना ९८० नॅनोमीटरचे आकार ओळखता आले. चष्म्याच्या दुकानात ते यायला अवकाश आहे.

मुलांना ९८० चा लेझर हातात देऊ नका. दिसणारा झोत डोळ्यात गेला तर पापणी आपोआप मिटते. न दिसणाऱ्याला पापणी काय दाद देणार? घरी आलेल्या फायबरच्या टोकात डोकावू नका ते याचसाठी, तिथे येणारा १४९० नॅनोमीटरचा उजेड दिसत नाही.

तिसरी एक तऱ्हा जत्रेतल्या हिरव्या लेझरमध्ये लपलेली असते. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचा, त्यावर निओडिमियमचा स्फटिक १०६४ तयार करतो, आणि पुढचा केटीपी नावाचा स्फटिक दोन-दोन फोटॉन जोडून ५३२ चा हिरवा काढतो. शेवटी इन्फ्रारेड अडवणारी काच असायला हवी. स्वस्त मालात तीच गाळलेली असते. अमेरिकेच्या निस्ट या मापन-मानकांच्या संस्थेने २०१० मध्ये असा एक लेझर तपासला, त्यातून हिरव्यापेक्षा इन्फ्रारेडच जास्त बाहेर पडत होतं. तुमचा तपासायचा असेल तर लेझर स्टँडवर घट्ट बांधा, झोत जुन्या सीडीवर तिरका सोडा आणि परतलेले ठिपके पांढऱ्या कागदावर पाडा. कागदाचा एक फोटो साध्या फोनने काढा, एक काच काढलेल्या वेबकॅमने. वेबकॅमच्या फोटोत जास्तीचे ठिपके दिसले तर तो लेझर खेळण्यातून बाद. सीडीकडे किंवा झोताच्या तोंडाकडे थेट बघायचं नाही.

रात्रीच्या युद्धातल्या दुर्बिणीची नळीही याच कुळातली. १९३४ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत होल्स्ट आणि सहकाऱ्यांनी तिचं पहिलं रूप केलं: एका काचेवर इन्फ्रारेड पडला की तिच्यावरच्या थरातून इलेक्ट्रॉन सुटतात, ते विजेच्या दाबाने पळतात आणि दुसऱ्या टोकाच्या चमकणाऱ्या पडद्यावर चित्र उमटवतात. आपल्याकडे अशा नळ्या पुण्यात भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या उपकंपनीत बनतात. घरगुती कामाला त्या लागत नाहीत.

उष्णतेचं चित्र

आता माझ्या बुडालेल्या पैशांची गोष्ट. 'थर्मल नाइट व्हिजन' असं लिहिलेलं एक यंत्र मी मागवलं. पडद्यावर लाल-पिवळे-निळे रंग छान उमटायचे. चार दिवसांनी लक्षात आलं की तो एलईडीवाला साधा कॅमेराच आहे, वर नुसते रंग फासलेत. तेव्हापासून खरेदीची परीक्षा ठरलेली: तळहात भिंतीला दहा सेकंद टेकवून काढा. भिंतीवर हाताचा ठसा दिसला तर यंत्र थर्मल. ठसा नाही पण रिमोट लुकलुकताना दिसतो, तर यंत्र परत. फोनवरची फुकट 'थर्मल' ॲप्स या परीक्षेला बसतसुद्धा नाहीत.

खऱ्या थर्मल कॅमेऱ्याचं भिंग बहुधा जर्मेनियमचं असतं, धातूसारखं दिसणारं, डोळ्याला आरपार न दिसणारं. आत बारीक पायांवर अधांतरी ठेवलेल्या पापुद्र्यांची जाळी असते आणि त्यावर व्हॅनेडियम ऑक्साइड किंवा अस्फटिक सिलिकॉन. पापुद्रा एक अंशाने तापला की व्हॅनेडियम ऑक्साइडचा विद्युतरोध सुमारे दोन टक्क्यांनी उतरतो. तेवढ्यावरून चित्र. मधूनच 'टक्' आवाज येऊन चित्र क्षणभर थांबतं, तेव्हा आतलं झाकण मिटून यंत्र स्वतःचीच चूक दुरुस्त करत असतं.

स्वतः बांधायचं असेल तर एमएलएक्स ९०६४० हा सेन्सर घ्या, ३२ गुणिले २४ ठिपक्यांचा. पापुद्र्यांऐवजी त्यात थर्मोपाइल असतात, म्हणजे तापमानातल्या फरकावरून इवलीशी वीज तयार करणारे धातूंचे जोड. सोबत ईएसपी ३२ बोर्ड, म्हणजे प्रोग्राम टाकता येणारा छोटासा संगणक. सेन्सरला ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड द्या, एसडीए (माहितीची तार) २१ नंबरच्या पिनला, एससीएल (तालाची तार) २२ ला. तारा वीतभरापेक्षा लांब नकोत. या दोन तारांवरून बोलायच्या पद्धतीला आयटूसी म्हणतात. आधी आयटूसी स्कॅनर हा छोटा प्रोग्राम चालवून ०x३३ हा पत्ता दिसतो का ते बघा. न दिसल्यास बहुतेक वेळा या दोन तारा उलट्या लागलेल्या असतात. मग तयार लायब्ररी टाका, या तारांचा (बसचा) वेग ४०० किलोहर्ट्झ ठेवा आणि सुरुवातीला सेकंदाला चार वाचनं घ्या. हा सेन्सर बुद्धिबळाच्या पटासारखा एकदा काळी घरं आणि एकदा पांढरी घरं वाचतो, म्हणून पूर्ण चित्राला दोन वाचनं लागतात. हात हलवला तर चौकटी फाटलेल्या दिसतात, त्याचं कारण हेच. चालू केल्यावर निदान पाच मिनिटं आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

घेताना ५५ अंश रुंद नजरेचा घ्यायचा की ११० च्या, हे नीट ठरवा. ५५ अंशांच्या सेन्सरचा एक ठिपका एक मीटरवरून सुमारे ३ सेंटिमीटर जागा व्यापतो, ११० चा त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे मीटरभर अंतरावरून एमसीबीचा स्क्रू बघाल तर स्क्रूचं नाही, स्क्रू आणि शेजारच्या सगळ्याचं सरासरी तापमान मिळेल. चित्र मोठं करून गुळगुळीत केल्याने यात काहीही सुधारत नाही.

मुलांसाठी एक गंमत: कचऱ्याच्या पातळ काळ्या पिशवीत हात घाला. डोळ्यांना पिशवी दिसते, कॅमेऱ्याला हात. आणि काच पुढे धरा, हात गायब.

चकाकीचा फसवा आकडा

कारखान्यात सुरुवातीच्या दिवसांत मी एका पॅनेलचा अहवाल 'सर्व ठीक' म्हणून दिला. बसबारचा, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीचा, जोड ३६ अंश दाखवत होता. चकचकीत धातू स्वतःचा उजेड फार कमी टाकतो आणि आरशासारखा समोरचा परततो. मी जोडाचं नव्हे, खोलीचं आणि थोडं माझंच तापमान वाचलं होतं. पुढच्या शटडाउनमध्ये जोडावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, लोड आल्यावर टेपवर नेम धरला, तर आकडा साठीच्या पुढे. वस्तू स्वतःचा उजेड किती टाकते याच्या मापाला एमिसिव्हिटी म्हणतात. त्वचेची ०.९८, रंगवलेली भिंत आणि टेप ०.९५ च्या आसपास, घासलेला धातू ०.१ च्याही खाली. यंत्रात ०.९५ ठेवा आणि धातूवर आकडा वाचूच नका, शेजारच्या केबलच्या आवरणावर वाचा.

पॅनेल पाहताना निदान निम्मा लोड चालू असावा. पुढचं ॲक्रिलिकचं झाकण काढल्याशिवाय काही कळत नाही, आणि चालू पॅनेलचं झाकण काढणं हे परवानाधारक माणसाचंच काम. घरच्या डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, आतलं स्क्रूचं झाकण न उघडता एमसीबींच्या प्लॅस्टिकची आपापसांत तुलना करा. सारख्या लोडवरच्या दोन फेजमध्ये १५ अंशांहून जास्त फरक असेल तर वाट बघू नका.

भिंतीची ओल

ठाण्यात थर्मल कॅमेऱ्याला सगळ्यांत जास्त मागणी जुलैत असते आणि नेमका तेव्हाच तो कमी उपयोगी पडतो. कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमान दिसतं. ओली भिंत गार दिसते कारण तिच्यावरून पाणी उडून जातं. हवाच पाण्याने भरलेली असेल तर उडणार कुठे? तेव्हा पाऊस उघडीप देईल तो दिवस निवडा. दारं-खिडक्या लावून तासभर एसी ड्राय मोडवर किंवा डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) चालवा, एसी नसेल तर पंखा पूर्ण वेगाने त्या भिंतीकडे वळवा. एसीचा झोत थेट भिंतीवर नको, नाहीतर झोताचाच डाग दिसेल. कपाट आणि फोटो अर्धा तास आधी हलवा. मग रंगांची पट्टी आपोआप बदलू न देता चार-पाच अंशांत बांधून ठेवा आणि भिंत वरून खाली सावकाश बघा.

शेजारच्या काकूंच्या हॉलमध्ये पोपडे खाली, खिडकीपाशी सुटले होते. प्लंबर खिडकीची कड फोडायला निघाला होता. चित्रात गार पट्टा छताच्या कोपऱ्यातून तिरका खाली उतरलेला दिसला, आणि त्या कोपऱ्याच्या वर होता वरच्या घरातला बाथरूमचा नाहणी ट्रॅप. तरीही लगेच फोडू दिलं नाही. गार डाग म्हणजे ओलच असं नसतं, मागे काँक्रीटचा बीम असला तरी तसाच दिसतो. ओलावा मोजायचं पिनवालं मीटर टोचून खात्री केली, वरच्या बाथरूममध्ये रंगाचं पाणी सोडलं, ते दोन दिवसांनी खाली उतरलं.

रंगांच्या पट्टीबद्दल एक सांगायचं राहिलं. पावसाळ्यात आपण सगळे एकमेकांना पाठवतो ते इन्सॅटचं ढगांचं चित्रही बहुतेक वेळा असंच, १०.८ मायक्रॉनच्या आसपासच्या उजेडाचं असतं. त्यात सर्वांत गार, म्हणजे उंच ढगांचे माथे पांढरे दाखवतात. थर्मल कॅमेऱ्यात पांढरं म्हणजे बहुधा सर्वांत गरम. काकूंनी छापील चित्रातला पांढरा भाग बघून "इथेच पाणी" म्हणून बोट ठेवलं होतं, ती जागा ट्यूबलाइटच्या चोकची होती. म्हणून सोसायटीच्या कमिटीला चित्र द्याल तेव्हा शेजारी रंगपट्टीचे दोन्ही आकडे, तारीख-वेळ, अंतर, एमिसिव्हिटी, एसी किती वेळ चालू होता आणि शेवटचा पाऊस कधी झाला हे लिहा, आणि त्याच कोनातून काढलेला फोनचा साधा फोटो जोडा.